फुकुशिमा दाईची: इतकी वर्षं उपसूनही पाणी संपत का नाही?

जांभा

फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतरच्या साफसफाईबद्दल वाचतोय. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला, त्सुनामी आली, वीज गेली आणि पुढच्या काही दिवसांत १, २, ३ या तीन अणुभट्ट्यांचं इंधन वितळलं, इथपर्यंत समजलं. त्यापुढचं नीट लागत नाही.

१. इंधन थंड ठेवायला पाणी लागतं, मान्य. पण तेच पाणी फिरवून वापरता येत नाही का? हजाराहून जास्त टाक्या भरतील एवढं नवं पाणी आलं कुठून?

२. गाळण यंत्रणा ६२ किरणोत्सारी घटक काढते म्हणतात. काढलेला माल जातो कुठे?

३. चेर्नोबिलसारखं वरून काँक्रीट ओतून विषय बंद का केला नाही?

४. आसपासच्या भातशेतीचं काय केलं? माती खरंच खरवडून काढली का?

आमच्याकडे जैतापूरचा विषय निघाला की दोन्ही बाजू फुकुशिमाचं नाव घेतात, तपशील मात्र कुणी देत नाही. म्हणून जाणकारांना विचारतोय. काम कसं चालतं आणि कुठे अडतं, एवढंच हवं आहे.

पाणाड्या

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. बाकीचे इथले इतर लोक घेतील.

थंड करण्याचं पाणी फिरवूनच वापरतात. भट्टीत सोडलेलं पाणी तळघरात उतरतं. तिथून उपसून आधी सीझियम हा किरणोत्सारी घटक काढतात, मग आरओ लावून क्षार काढतात आणि गोडं झालेलं पाणी परत भट्टीत सोडतात. या फेऱ्यानं साठा वाढत नाही. साठा वाढतो तो जमिनीखालून आणि आभाळातून येणाऱ्या पाण्यानं.

त्यासाठी जागेची ठेवण बघायला हवी. मुळात तिथे समुद्रकाठी तीसेक मीटर उंच कडा होता. पाया पक्क्या थरावर बसावा आणि समुद्राचं पाणी पंपानं उचलायला सोपं जावं, म्हणून तो तासून १ ते ४ क्रमांकाच्या भट्ट्या समुद्रसपाटीपासून १० मीटरवर बसवल्या. १४-१५ मीटरची लाट आली तेव्हा ही उंची कमी पडली आणि टर्बाइन इमारतींच्या तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले. पाण्याच्या बाबतीतही तेच तासकाम नडलं. पश्चिमेच्या डोंगराकडचं भूजल समुद्राकडे उतरतं आणि वाटेत ही तळघरं आडवी येतात. दुर्घटनेच्या आधीही इमारतींभोवतीच्या विहिरींतून रोज शेकडो टन पाणी उपसावं लागायचं. त्सुनामीनंतर तो उपसा बंद पडला. पाइप आणि केबली भिंतीतून जिथे आत शिरतात, तिथल्या फटींतून भूजल आत येऊ लागलं. आत वितळलेल्या इंधनावरून आलेलं पाणी साचलेलंच होतं. दोन्ही एकत्र झालं की सगळंच दूषित.

मग फटी बुजवून टाकाव्यात, असं कुणालाही वाटेल. खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. तळघरातल्या पाण्याची पातळी बाहेरच्या भूजलापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेली असते. बाहेरचं पाणी आत येत राहतं, म्हणूनच आतलं दूषित पाणी बाहेर जात नाही. भूजल एकदम तोडलं आणि बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, तर उतार उलटा होईल आणि तळघरातलं पाणी जमिनीत झिरपेल. म्हणून बाहेरची पातळी उतरवायची तर आधी आतली उतरवायला हवी, आणि आतली उतरवायची तर उपसलेलं पाणी ठेवायला टाक्या हव्यात. विहिरींतले पातळीमापक बघत, थोडं थोडं करतच हे काम होतं. घाई केली की नुकसान.

उपाय झाले ते एकावर एक. २०१४ मध्ये डोंगराच्या अंगाला विहिरी घेऊन भूजल इमारतींपर्यंत पोचण्याआधीच वळवायला सुरुवात झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये इमारतींभोवतीच्या जुन्या उपसा-विहिरी दुरुस्त करून पुन्हा चालू केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात समुद्राच्या बाजूला जाड पोलादी नळ्यांची भिंत पूर्ण झाली. मार्च २०१६ पासून चारही इमारतींभोवती माती गोठवायला घेतली. जवळपास दीड किलोमीटरचा घेर, ३० मीटर खोली, १,५६८ गोठण-नळ्या, आणि त्यांत उणे ३० अंशांचं कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण फिरतं.

या बर्फाच्या भिंतीचं कौतुक फार झालं. माझं मत असं की एकटीच्या जोरावर ती काही करू शकली नसती. जिथे भूजलाचा वेग जास्त, तिथे माती गोठतच नव्हती. तिथे आधी सिमेंटसारखं मिश्रण दाबून वेग कमी करावा लागला. नळ्यांच्या जोडांतून द्रावणाची गळतीही नंतर झाली. याच्या आधी, २०१४ मध्ये, २ क्रमांकाच्या इमारतीला जोडलेल्या समुद्राकडच्या चरातलं दूषित पाणी गोठवायचा प्रयत्न झाला होता. वरून बर्फ आणि ड्राय आइस टाकूनही बूच पक्कं बसेना. शेवटी पाण्याखाली पसरणारं सिमेंट भरून चर बुजवला. स्थिर मातीतलं पाणी गोठवणं जमतं, वाहतं पाणी गोठवणं अवघड, हे तेव्हाच दिसलं होतं.

सगळ्यात साधा उपाय बराच कामी आला. आवारातली उघडी जमीन डांबर आणि सिमेंटच्या थरानं झाकली, म्हणजे पाऊस मुरतच नाही. फुटकी छपरंही दुरुस्त केली. २०१४ च्या सुमारास दूषित पाणी रोज ५०० टनांहून जास्त तयार व्हायचं. २०२० मध्ये ते १४० टनांच्या आसपास आलं आणि एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात ८० टनांच्या. पावसाळ्यात आणि वादळांत आकडा आजही चढतो.

आता काढलेल्या मालाचं. तळघरातलं पाणी आधी झिओलाइटसारखे शोषक भरलेल्या जाड कवचाच्या स्तंभांतून जातं. तिथे सीझियमचा आणि नंतर सुधारलेल्या स्तंभांत स्ट्रॉन्शियमचाही मोठा भाग अडकतो. भरलेला स्तंभ मोकळा करत नाहीत, अख्खाच उचलून साठवणीत ठेवतात. उरलेलं पाणी आल्प्स नावाच्या यंत्रणेत जातं. तिथे पहिली पायरी साका पाडण्याची. लोहाच्या क्षारांबरोबर कोबाल्ट आणि अल्फा किरण सोडणारे घटक खाली बसतात. मग कार्बोनेटचा साका पाडून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतात. हे दोन किरणोत्सारी नाहीत, तरी ते आधी काढावेच लागतात. समुद्राच्या पाण्याबरोबर ते भरपूर आलेले आहेत, आणि रसायन म्हणून स्ट्रॉन्शियम त्यांचा भाऊबंद. ते राहिले तर शोषकावरच्या जागा तेच अडवून बसतात आणि स्ट्रॉन्शियम तसंच पुढे निघून जातं. त्यानंतर डझनभराहून जास्त स्तंभ, कुणात सक्रिय कोळसा, कुणात टायटॅनेट, कुणात फेरोसायनाइड.

बिघडतं ते बहुतेक किरकोळ भागांत. मार्च २०१४ मध्ये यंत्रणेतून पांढुरकं, गढूळ पाणी यायला लागलं. कार्बोनेटचा साका गाळणीतून पुढे सुटत होता. गाळणीतलं टेफ्लॉनचं गॅस्केट बीटा किरणांच्या माऱ्यानं ठिसूळ होऊन चिरलं होतं. टेफ्लॉन आम्लाला दाद देत नाही, पण किरणोत्साराला ते फार कच्चं. पुढे कृत्रिम रबराचं गॅस्केट बसवलं. तोवर पुढचे स्तंभ आणि टाक्या खराब झालेल्या होत्या.

साका पॉलिइथिलीनच्या मोठ्या पिंपांत भरतात. एप्रिल २०१५ मध्ये अशा पिंपांच्या झाकणांवर पाणी साचलेलं सापडलं. पिंप फुटलं नव्हतं. किरणोत्सारानं पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो. त्याचे बुडबुडे चिकट साक्यात अडकतात, साका फुगतो, आणि वरचं निवळ पाणी हायड्रोजन जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांतून बाहेर येतं. तेव्हापासून पिंप आधीपेक्षा कमी भरतात. छिद्र बंद करायची सोय नाही, हायड्रोजन कोंडला तर ते जास्त धोक्याचं. शिवाय पॉलिइथिलीनही किरणांनी हळूहळू ठिसूळ होतं. ठरावीक मात्रा गाठली की साका नव्या पिंपात उपसावा लागतो, आणि त्या उपशात कामगारांना किरणोत्साराची मात्रा बसते. पाणी स्वच्छ झालं म्हणजे किरणोत्सार गेला असं नाही, तो पाण्यातून पिंपात आला. टाक्यांचे फोटो सगळीकडे दिसतात, या पिंपांचा हिशेब मात्र क्वचितच कुणी विचारतो. मला तो टाक्यांपेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

जांभा

आभारी आहे. पातळीचं गणित आज पहिल्यांदा कळलं. आता समुद्रात सोडण्याचं कुणी आकड्यांनी सांगेल का? ट्रिटियम काढता येत नाही आणि ते पातळ करून सोडतात, एवढंच माहीत आहे.

मापटं

ट्रिटियम हा हायड्रोजनचाच प्रकार, तो पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतो. त्यामुळे शोषकाला पकडायला काही वेगळं उरत नाही. टाक्यांतल्या एकूण ट्रिटियमचा अंदाज २०२१ च्या सुमारास ७८० लाख कोटी बेक्वेरेल होता (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन). वजनात तो सव्वादोन ग्रॅमच्या आत-बाहेर भरतो. तेवढा जिन्नस साडेबारा-तेरा लाख टन पाण्यात विखुरलेला.

पहिल्या फेरीचे आकडे घ्या, २४ ऑगस्ट २०२३ पासूनचे. सोडलेलं पाणी सुमारे ७,८०० घनमीटर, ट्रिटियम लिटरला १,४०,००० बेक्वेरेल. गुणाकार केला की १.१ लाख कोटी बेक्वेरेल येतात. वर्षाची मर्यादा २२ लाख कोटी. दिवसाला सुमारे ४६० घनमीटर पाणी सोडायचं आणि त्यात समुद्राचं पाणी मिसळायचं दिवसाला ३,४०,००० घनमीटर, दोन पंपांनी. म्हणजे सातशेचाळीस पट. १,४०,००० भागिले ७४०, साधारण १९० बेक्वेरेल. स्वतःला घालून घेतलेली मर्यादा १,५००, जपानच्या कायद्यातली ६०,०००, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी १०,०००. एका फेरीला सतरा दिवस का लागतात तेही यातच आलं, ७,८०० भागिले ४६०.

सोडण्याआधी दहा-दहा टाक्यांचे तीन गट आळीपाळीनं चालतात. एक भरत असतो, एक तपासणीत, एक सोडायला. दहा टाक्या एकमेकींना जोडून पाणी काही दिवस फिरवतात, ढवळतात. हे टाळून एका टाकीच्या वरच्या थरातून नमुना घेतला तर तो गटाचा नमुना होत नाही. मग प्रत्येक घटकाचं मोजमाप, आणि त्यानंतर समुद्राखालच्या एक किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून विसर्ग.

एक बाब ठळक सांगायला हवी. ट्रिटियमवर इतकी चर्चा होते की दुसरं झाकलं जातं. विसर्ग सुरू होण्याआधी टाक्यांतल्या सुमारे ७० टक्के पाण्यात ट्रिटियम सोडून इतर घटक मर्यादेपेक्षा जास्त होते. आल्प्सचे सुरुवातीचे बिघाड आणि शोषक बदलायला लावलेला उशीर, ही त्याची कारणं. ते पाणी पुन्हा गाळूनच सोडता येतं. कुणी तुम्हाला फक्त ट्रिटियमचा आकडा दाखवला, तर दुसरा आकडा मागा. प्रत्येक घटकाचं प्रमाण भागिले त्याची मर्यादा, आणि या सगळ्या भागाकारांची बेरीज. ट्रिटियम सोडून ही बेरीज १ च्या आत असली पाहिजे.

पाणाड्या

मापटं यांनी नमुन्याचं लिहिलं म्हणून टाक्यांबद्दल दोन ओळी. सुरुवातीच्या टाक्या पत्र्याचे भाग नटबोल्टनं जोडून उभ्या केलेल्या होत्या, कारण वेल्डिंगला वेळ नव्हता. ऑगस्ट २०१३ मध्ये तशा एका टाकीच्या तळाच्या जोडातून सुमारे ३०० टन पाणी गळलं. टाक्यांभोवती बुटका बांध होता, पण पावसाचं पाणी साचू नये म्हणून त्याचे निचऱ्याचे व्हॉल्व्ह उघडे ठेवलेले. बांध असून नसल्यासारखा. पुढे वेल्डिंगच्या टाक्या आल्या.

उघड्या व्हॉल्व्हचा घोळ फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा झाला. सीझियमच्या यंत्रणेत स्वच्छ पाणी फिरवून धुण्याचं काम होतं. बंद असायला हवे होते असे दहा हाती व्हॉल्व्ह उघडे राहिले आणि दूषित पाणी इमारतीच्या भिंतीवरच्या वायुनळीतून बाहेर जमिनीवर पडलं. पहिला अंदाज साडेपाच टनांचा होता. कामाच्या यादीवर टिकमार्क आणि व्हॉल्व्हची खरी स्थिती यांत फरक पडला की असं होतं. व्हॉल्व्हला हात लावून, खूण बघून, दुसऱ्या माणसानं स्वतंत्र खात्री करणं याला पर्याय नाही.

सांधा

तिसरा प्रश्न, काँक्रीट ओतण्याचा.

चेर्नोबिलला स्फोटानं भट्टीच उघडी पडली होती आणि इंधन व ग्रॅफाइट बाहेर फेकलं गेलं होतं. झाकणं ही पहिली गरज होती. नोव्हेंबर १९८६ पर्यंत घाईघाईनं उभारलेलं आवरण मोडक्या भिंतींवरच टेकलेलं होतं, त्यात पाऊस शिरायचा. त्यावर २०१६ मध्ये नवी कमान सरकवावी लागली, १०८ मीटर उंच आणि २५७ मीटर रुंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये ड्रोनच्या हल्ल्यात तिलाही भोक पडलं. आणि आतलं इंधन अजून आतच आहे. झाकणं म्हणजे पुढच्या पिढ्यांना देखभालीचं काम लावून देणं.

फुकुशिमात अडचण खालून आहे. इमारतींची तळघरं भूजलाच्या पातळीखाली. वरून काँक्रीट ओतलं तरी तळाच्या फटींतून पाणी येत-जात राहणार, आणि मग ते उपसायची, मोजायची वाटही तुम्हीच बुजवलेली असणार. शिवाय वजन पेलायचं कुणी? मार्च २०२३ मध्ये पहिल्या भट्टीत पाण्याखालचा रोबो गेला, तेव्हा भट्टीचं पात्र ज्या काँक्रीटच्या गोल चौथऱ्यावर उभं आहे त्याच्या आतल्या बाजूचं तळाजवळचं काँक्रीट साधारण मीटरभर उंचीपर्यंत नाहीसं झालेलं दिसलं. सळ्या मात्र जागच्या जागी उभ्या, उघड्या पडलेल्या. वितळलेल्या इंधनानं काँक्रीट खाल्लं. जो पाया असा पोखरलाय, त्यावर हजारो टनांचा भार टाकायला कुठलाही स्थापत्य अभियंता धजावणार नाही.

उष्णतेचा प्रश्न आता बराच सुटलेला आहे. २०१९ मध्ये दुसऱ्या भट्टीचं पाणी सुमारे आठ तास बंद ठेवून पाहिलं, तापमान अगदी थोडं वाढलं.

मग काढायचं कसं? तीन भट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन माल आहे. त्यात इंधन, झिर्कोनियम, पोलाद आणि काँक्रीट एकजीव झालेलं. दुसऱ्या भट्टीच्या कवचाला एक जुनी वाट आहे, मूळची देखभालीसाठी ठेवलेली. तिचं झाकण उघडलं तर आत वितळून घट्ट झालेल्या केबलींचा थर. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो काढला. इंधन काढायला बनवलेला २२ मीटर लांबीचा रोबोचा हात तयार व्हायला उशीर लागत गेला, म्हणून आधी साधी, मासेमारीच्या गळासारखी लांबणारी नळी वापरली. २२ ऑगस्ट २०२४ ला काम सुरू व्हायच्या आधीच थांबलं, कारण ढकलण्याचे पाच पाइप चुकीच्या क्रमानं लावून ठेवलेले होते. पाइप नेऊन लावणाऱ्या कामगारांवर पूर्ण मुखवटा आणि वेळेचं बंधन होतं, आणि क्रम तपासायला अंतिम ठिकाणी प्रकल्प चालवणाऱ्या टेप्को कंपनीचा माणूस हजर नव्हता. सप्टेंबरात टोकाचे कॅमेरे बंद पडले. तीव्र गॅमा किरणांत इलेक्ट्रॉनिक भागांमध्ये विद्युतभार साचत जातो आणि चित्र जातं. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ ला पहिला खडा बाहेर आला. वजन सुमारे ०.७ ग्रॅम.

ग्रॅमभरही का नाही, म्हणून लोक वैतागतात. पण मर्यादाच ३ ग्रॅमची होती. खडा २० सेंटीमीटरवरून तासाला २४ मिलीसीव्हर्टपेक्षा (सीव्हर्ट हे शरीराला बसणाऱ्या मात्रेचं एकक) जास्त निघाला तर तो परत आत ठेवायचा, असं ठरलेलं होतं. निघाला ०.२. एप्रिल २०२५ मध्ये दुसरा, त्याहून लहान नमुना काढला. या खड्यांतून माल किती कठीण आहे, कशानं कापता येईल आणि साठवताना हायड्रोजन किती सुटेल याचा अंदाज घ्यायचा आहे. तिसऱ्या भट्टीतून मोठ्या प्रमाणावर काढायला २०३७ च्या आधी सुरुवात होणार नाही, असं २०२५ मध्ये जाहीर झालं. २०५१ पर्यंत सगळं संपवण्याचं उद्दिष्ट कागदावर अजून आहे. मला ते जमेल असं वाटत नाही.

तुलना हवी असेल तर अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुप्रकल्पाची घ्या. अपघात मार्च १९७९ चा. तिथे भट्टीचं पात्र फुटलं नव्हतं, म्हणून ते पाण्यानं भरून वरून लांब दांड्यांच्या हत्यारांनी काम करता आलं. तरी इंधन काढणं ऑक्टोबर १९८५ ते जानेवारी १९९० चाललं. मधेच पाण्यात सूक्ष्मजीव इतके माजले की कॅमेऱ्याला काही दिसेना, हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाणी निवळावं लागलं. पात्र शाबूत आणि भट्टी एकच, तरी हा वेळ लागला.

जे काम नीट झालं तेही सांगतो. चौथ्या इमारतीत इंधन पाण्याखाली साठवायच्या तलावातली इंधनाची १,५३५ जुडगी नोव्हेंबर २०१३ ते डिसेंबर २०१४ या काळात एकही न सांडता काढली. तिसऱ्या इमारतीची ५६६ जुडगी दुरून चालवलेल्या यंत्रांनी फेब्रुवारी २०२१ पर्यंत निघाली. तलावातलं इंधन न वितळलेलं, आकार शाबूत, म्हणून हे शक्य झालं.

गाळपेर

शेतीचं मी लिहितो.

सीझियम मातीला चिकटलं की फारसं खाली जात नाही. अभ्रकासारख्या चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या कडेला ते अडकतं आणि बहुतेक वरच्या ५ सेंटीमीटरमध्येच राहतं. म्हणून न नांगरलेल्या शेतात वरचा ५ सेंटीमीटरचा थर काढणं ही मुख्य पद्धत झाली. हिशेब असा: हेक्टरी ५०० घनमीटर माती, म्हणजे घनमीटरच्या ५०० काळ्या पिशव्या. एकराला २००.

आधी गवत कापून वेगळ्या पिशव्यांत भरायचं. काही ठिकाणी मातीवर घट्ट करणारं द्रावण फवारून पापुद्रा उचलला. मग खरवडणं. चूक होते ती इथे. शेत वर-खाली असेल तर यंत्राचं पातं एकीकडे ३ आणि दुसरीकडे ८ सेंटीमीटर घेतं. जास्त घेतलं तर पिशव्या वाढतात, कमी घेतलं तर काम फुकट. यंत्राची चाकं दूषित माती खाली दाबतात, म्हणून खरवडत मागे सरकायचं, काढलेल्या भागावर चाक जाऊ द्यायचं नाही. दुर्घटनेनंतर ज्या शेतात एकदा नांगर फिरला तिथे सीझियम १५ सेंटीमीटरपर्यंत मिसळलं, तिथे ही पद्धत चालत नाही. कमी दूषित शेतात वरची माती खाली आणि खालची वर, अशी ३० सेंटीमीटरची खोल नांगरट केली.

सूर्यफुलं लावून सीझियम शोषून घ्यायचा प्रयोग गाजला होता. पिकानं मातीतल्या सीझियमचा नगण्य भाग उचलला. मातीनं पकडलेलं सीझियम मुळांना मिळतच नाही.

वरचा थर गेला म्हणजे शेताचं सोनं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घालून केलेली माती पिशवीत, आणि तिच्या जागी डोंगरातली मुरमाड, वाळूसर माती. जड यंत्रांनी जमिनीखालचे निचऱ्याचे पाइपही मोडले. मोजणीयंत्र स्वच्छ दाखवतं, पण भात तसं येत नाही. वर्षानुवर्षं सेंद्रिय खत घालून जमीन पुन्हा बांधावी लागते.

भातात सीझियम कमी यावं यासाठी सगळ्यात उपयोगी पडलं ते पालाश. मुळांना पोटॅशियम आणि सीझियम सारखेच वाटतात. पोटॅशियम भरपूर असलं की सीझियम कमी शिरतं. लक्ष्य ठेवलं होतं १०० ग्रॅम मातीत २५ मिलिग्रॅम विनिमयक्षम, म्हणजे मुळांना मिळण्याजोगं, पालाश. आपल्या मृदा तपासणीच्या भाषेत, १५ सेंटीमीटरचा थर धरून, हेक्टरी साधारण ५६० किलो. २०१२ पासून फुकुशिमा प्रांतातल्या भाताची प्रत्येक ३० किलोची गोणी पट्ट्यावरून मोजणीयंत्राखाली जायची, वर्षाला सुमारे एक कोटी गोण्या. मर्यादा किलोला १०० बेक्वेरेल. २०१५ च्या पिकापासून एकही गोणी मर्यादेबाहेर निघाली नाही. २०२० पासून बहुतेक ठिकाणी नमुना तपासणीवर आले. या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. शेतकऱ्यांनी प्रत्येक गोणी मोजू दिली म्हणून तर लोकांना विश्वास ठेवायला जागा मिळाली.

डोंगर मात्र तसेच राहिले. प्रांताचा ७० टक्क्यांच्या आसपास भाग जंगल. घरांच्या कडेपासून २० मीटर आतपर्यंतचा पालापाचोळा काढला, त्यापलीकडे नाही. उतारावरची माती उघडी केली तर पहिल्याच पावसात ती शेतात उतरली असती. म्हणून रानभाज्या, रानातल्या अळंब्या आणि रानडुकरांत सीझियम अजून सापडतं.

काढलेली माती सुमारे १.४ कोटी घनमीटर. ओकुमा आणि फुताबा या गावांत १६ चौरस किलोमीटरच्या तात्पुरत्या साठवणीत ती आहे. मार्च २०४५ पर्यंत ती प्रांताबाहेर नेऊन कायमची विल्हेवाट लावायची, असा कायदा आहे. जागा ठरलेली नाही. तीन-चतुर्थांश माती किलोला ८,००० बेक्वेरेलच्या खालची, ती रस्त्यांच्या भरावात वापरायचा विचार आहे. जुलै २०२५ मध्ये २ घनमीटर माती टोकियोत पंतप्रधान कार्यालयाच्या बागेत वापरली, लोकांची भीती जावी म्हणून.

मापटं

गाळपेर यांच्या माहितीला मोजमापाची जोड. बाहेरच्या साफसफाईचं लक्ष्य तासाला ०.२३ मायक्रोसीव्हर्ट असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं. ते येतं असं: माणूस ८ तास बाहेर, १६ तास घरात, घरात ४० टक्केच पोचतं असं धरायचं. ०.१९ गुणिले १४.४ गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला १ मिलीसीव्हर्ट. त्यात मूळचे नैसर्गिक ०.०४ मिळवले की ०.२३. गावं रिकामी करण्याचा निकष वर्षाला २० मिलीसीव्हर्टचा होता. हे दोन आकडे लोक एकमेकांत मिसळतात.

दुसरं म्हणजे कमी झालेल्या मात्रेचं सगळं श्रेय खरवडण्याला देऊ नका. सुरुवातीला सीझियम-१३४ आणि १३७ जवळपास सारखे पडले होते. १३४ चं अर्धायुष्य दोन वर्षं, १३७ चं तीस. मात्रेत १३४ चा वाटा जवळपास पाऊणपट होता. काहीही न करता पाच वर्षांत मात्रा ४० टक्क्यांच्या आसपास येते. त्यानंतरची घसरण फार संथ. आधी-नंतरची तुलना करताना हा भाग वजा करूनच बघा. मोजताना जमिनीपासून एक मीटरवर आणि एक सेंटीमीटरवर, दोन्हीकडे मोजा. पन्हाळीच्या नळीखाली आणि गटाराच्या वळणावर आकडा हमखास चढतो.

जांभा

गाळपेर, एक शेवटचं. चिकणमातीनं सीझियम धरून ठेवलं म्हणता. आमच्या राजापूर-देवगडच्या जांभ्या मातीतही तसंच होईल का?

गाळपेर

तसंच धरून चालू नका. जांभ्या मातीत अभ्रकवर्गी खनिजं कमी, केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडं जास्त. केओलिनाइटला पापुद्र्यांच्या कडेला सीझियम अडकवायची जागाच फारशी नसते, पकड सैल असते. त्यात जांभी माती आम्ल आणि पालाशही बेताचं. तेवढंच सीझियम पडलं तर पिकात जास्त जाण्याची शक्यता. फुकुशिमाचे मातीचे आकडे कोकणाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आधी तुमच्या मातीतली खनिजं आणि विनिमयक्षम पालाश तपासून घ्या, कृषी विद्यापीठाच्या मृदा प्रयोगशाळेत दुसरी तपासणी सहज होते. नमुना घेताना ० ते ५ आणि ५ ते १५ सेंटीमीटर वेगळे भरा. एकत्र केलेत तर वरच्या थराचं काहीच कळणार नाही.